जुना संगणक मोडीत घालण्यापूर्वी

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपली. तेव्हापासून सातपूर, अंबड, नाशिकरोड, जिथे जाऊ तिथे आपली माणसे आम्हाला एकच प्रश्न विचारतात, “आता घरातला संगणक टाकून द्यायचा काय?” विचारणारे बहुधा कंपनीत पाळ्या करणारे वडील असतात, नाहीतर पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठी संगणक घेणाऱ्या माउल्या असतात. त्या संगणकाचे हप्ते कसे फेडले हे त्यांचे त्यांना ठाऊक! म्हणून यावेळी याच विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम भीती दूर करू. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच चालतो. फरक इतकाच की कंपनी दर महिन्याला ज्या सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवीत असे, त्या आता आपोआप येत नाहीत. चोरांना नवी फट सापडली तर ती बुजवणारे कोणी नाही. ज्या संगणकावर फक्त टाइपिंग होते त्याला हा धोका कमी. परंतु ज्यावरून बँकेचा व्यवहार होतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, आधारची नक्कल पाठवली जाते, तो असा उघडा ठेवणे बरे नाही.

अशी वेळ काही पहिल्यांदा आलेली नाही. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. पण तेव्हाची आणि आताची गोष्ट वेगळी आहे. तेव्हा अनेक मशीन खरोखरच थकलेली होती. आता मात्र उत्तम चालणारा संगणकही विंडोज ११ नाकारते, कारण त्यात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर असावा अशी कंपनीची अट आहे. इंटेलच्या बाबतीत बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढचे, म्हणजे साधारण २०१७ च्या अखेरीपासून आलेले प्रोसेसर चालतात. शिवाय ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. चालती वस्तू अटीपायी बाद करणे हे कष्टकऱ्याच्या खिशावर घातलेले ओझे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही दुकानदार “मशीन बाद झाले” म्हणाला की लगेच विश्वास ठेवू नये. आमचे एक स्नेही अंबडच्या कारखान्यात आहेत. त्यांची मुलगी नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी करते. एका दुकानदाराने त्यांना सरळ सांगितले की संगणक गेला, नवा लॅपटॉप घ्या, हप्ते पाडून देतो. स्नेह्यांनी कागदपत्रेही गोळा केली होती. मुलीनेच हट्ट धरला की आधी कोणाला तरी दाखवा. आम्ही पाहिले तर प्रोसेसर आठव्या पिढीचा. टीपीएमची सोय मदरबोर्डवर होती, फक्त बंद ठेवलेली! ती चालू केली, आणि त्याच रात्री विंडोज ११ आले. मूळ विंडोज १० परवान्याची असल्याने एक रुपयाही लागला नाही. (घरातल्या मुलींना संगणकाजवळ बसू न देणाऱ्या भावांनी हे ध्यानात घ्यावे.)

हे आपण स्वतःही तपासू शकता. विंडोजचे बटण दाबून धरून आर दाबा. जी छोटी चौकट उघडेल तीत टीपीएम डॉट एमएससी असे इंग्रजीत टाइप करा. व्हर्जन २.० दिसले तर उत्तम. काहीच दिसले नाही तर ते नाहीच असे समजू नका. संगणक सुरू होताना एफ २ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये पाहावे लागते. इंटेलच्या मदरबोर्डवर ती सोय पीटीटी या नावाने असते, एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने. प्रोसेसरचा क्रमांक सेटिंगमध्ये ‘अबाऊट’खाली मिळतो. आय ५ नंतरचा आकडा ८२५० असेल तर पिढी आठवी, ७२०० असेल तर सातवी. आपली विंडोज जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने टाकलेली असेल तर डिस्कची मांडणीही बदलावी लागते. ते काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे, आणि समोर बसून करून घ्यावे.

अट बसत नसेल तर काय? कंपनीने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षेची योजना जाहीर केली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. आपली सेटिंग त्या खात्यात साठवू दिली तर ही सोय विनामूल्य, नाहीतर ३० डॉलर. हा तात्पुरता आधार आहे, हे विसरू नये.

काही हुशार पोरे अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून देतात. होते तसे. परंतु अशा मशीनला पुढे दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. घरात एकुलता एक संगणक असेल तर हा प्रयोग करू नये. तीच गोष्ट क्रॅक करून टाकलेल्या विंडोजची. आपल्याकडे ती फुकटात मिळते म्हणून सर्रास चालते. तिच्यासोबत काय काय आत शिरले हे कोणालाच कळत नाही. अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकणे म्हणजे किल्ली दारालाच ठेवून गावाला जाणे!

यापेक्षा लिनक्सचा मार्ग आम्हाला अधिक पसंत आहे. लिनक्स मिंट ही त्यातली सोपी जात. तिला किमान २ जीबी रॅम पुरते, ४ जीबी असेल तर बरे चालते. ती विनामूल्य असून तिच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळायच्या आहेत. विशेष म्हणजे पेन ड्राइव्हवरून सुरू करून, आतल्या विंडोजला हात न लावता, आठवडाभर वापरून पाहता येते. इंटरनेट, मराठी टाइपिंग, पत्रे, मुलांचे व्हिडिओ तास सगळे होते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही बॉस नावाची भारतीय लिनक्स काढलेली आहे. मात्र ज्यांची रोजीरोटी टॅलीवर किंवा श्रीलिपीवर आहे त्यांनी घाई करू नये. ती विंडोजसाठी बनलेली आहेत. जुना प्रिंटर चालतो की नाही हेही पेन ड्राइव्हवरूनच आधी पाहून घ्यावे.

आणखी एक. संगणक मंद आहे म्हणून तो म्हातारा झाला असे होत नाही. पुष्कळदा दोष फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच मशीन कितीतरी चपळ होते, आणि हा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने थोडा असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे आपला मराठी मजकूर. आपल्या मंडळांची इतिवृत्ते, लग्नपत्रिका, कार्यकर्त्यांची भाषणे, स्मरणिका वर्षानुवर्षे कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या. या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो. फक्त त्या अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. फॉन्ट गेला की आजोबांच्या आठवणींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोज १० वरून ११ वर रीतसर अपग्रेड केल्यास फॉन्ट जागेवर राहतात. परंतु दुकानदार “साफ करून नवीन टाकतो” म्हणाला की सी ड्राइव्हवरचे सारे पुसले जाते, फॉन्टही आणि डेस्कटॉपवरच्या फायलीही. म्हणून मशीन कोणाच्याही हाती देण्यापूर्वी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो आणि विंडोजमधील फॉन्ट्स हा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावा. दोन ठिकाणी घेतला तर अधिक चांगले. पुढचे टाइपिंग युनिकोडमध्ये करावे. ते विंडोजवर, लिनक्सवर, मोबाइलवर सारखेच वाचता येते. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, मात्र जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, तेव्हा मूळ प्रत शेजारी ठेवून तपासावे. हे काम सुट्टीत दहावी-बारावीच्या मुलांना देता येईल. आपल्या माणसांची भाषणेही त्यांच्या वाचण्यात येतील.

एवढे करूनही मशीन भंगारात द्यायचेच ठरले, तर आतली डिस्क काढून घरी ठेवावी. ती काढायला चार स्क्रू लागतात, आणि तीत आपल्या सबंध घराची कागदपत्रे असतात.