गाडी घ्याल हो, पण लावणार कुठे?

चाकांवरचं घर, मागे डोंगर, हातात चहाचा मग. स्वप्न भारीच. पण या घराला आधी एक अंगण लागतं. आणि अंगण आलं, की तिथे कुणाला उभं राहू द्यायचं हा प्रश्नही येतो.

तुमच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेल्या रील्समध्ये एक तरी व्हॅनलाइफवाली असणारच. मागचा दरवाजा उघडा, समोर समुद्र, आत छोटीशी गादी, दिव्यांची माळ, एक शेगडी. खाली कमेंट्सचा पाऊस : ‘बस्स, लाइफमध्ये हेच पाहिजे.’

त्यात हसण्यासारखं काही नाही. पीजीच्या खोलीत तिघं राहणाऱ्या, लोकलला लटकून कॉलेज गाठणाऱ्या, ‘पुढे काय ठरवलंयस?’ हा प्रश्न रोज ऐकणाऱ्या मुलामुलींना असं स्वप्न पडणारच. भाडं नाही, घरमालक नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीची कटकट नाही. घरच गाडीला जोडायचं आणि निघायचं.

फक्त त्या रीलमध्ये एक गोष्ट कधी दिसत नाही. प्रवास संपला की ते घर उभं कुठे राहतं?

हे स्वप्न आपल्याकडे आलं मुख्यतः अमेरिकेतून. तिथे या प्रकरणाला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. गाडीच्या मागे हुकाला अडकवायचं आणि ओढत न्यायचं. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास सगळं. १९३०च्या दशकात वॉली बायम नावाच्या माणसाने चकचकीत ॲल्युमिनियमचे, गोळीच्या आकाराचे ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलर बनवायला सुरुवात केली. ते आजही रस्त्यावर दिसतात. म्हणजे हा शौक तिथे नव्वद वर्षं मुरलेला आहे.

पण नोकरी आणि पोरांची शाळा सांभाळून फिरणाऱ्या कुटुंबाचा ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उभाच असतो. आणि तो दारात लावायचा म्हटलं की खरी गंमत सुरू होते. तिथल्या अनेक कॉलनींमध्ये घरमालकांच्या संघाचे कडक नियम असतात. घरासमोर ट्रेलर दिसला की नोटीस, मग दंड. कारण काय, तर कॉलनीचा लूक बिघडतो! ‘स्वातंत्र्य’ विकत घेतलेला माणूस मग महिन्याचं भाडं भरून ते कुठल्या तरी गोदामाच्या आवारात ठेवतो. म्हणून अनेक जण शहराबाहेर, गावाकडे घर शोधतात. घर लहान चालेल, पण बाजूला ट्रेलर लावता आला पाहिजे. घरांच्या जाहिरातीत बेडरूम किती, बाथरूम किती, त्याच्याच शेजारी ही जागाही लिहिलेली असते.

आणि जागा म्हणजे नुसती मोकळी जमीन नव्हे बरं का. हिशोब करून बघा. २५ फुटांचा ट्रेलर धरा. त्याला ओढणारी तिथली पिकअप गाडी आणखी १९ फूट. झाले ४४ फूट. आपला एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. गुंठाभर जागेत ही जोडी सरळ उभीसुद्धा राहत नाही, वळवायची गोष्ट लांबच. जमीन भुसभुशीत असेल तर पहिल्या पावसात चाकं रुतणार, म्हणून मुरूम-खडी टाकून ती दाबून घ्यायची. विजेसाठी ३० किंवा ५० अँपिअरचं वेगळं कनेक्शन. पाण्याचा नळ. संडासाची टाकी रिकामी करायला सेप्टिक टँकची सोय. बर्फ पडणाऱ्या भागात हिवाळ्याआधी सगळ्या पाइपांतलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर ते गोठतं आणि पाइप फुटतात. रीलमध्ये समुद्र दिसतो. टाकी कधी दिसते का?

थोडक्यात, चाकांवरच्या घराची मजा घेणाऱ्या बहुतेकांकडे चाकं नसलेलं एक घर आधीपासून असतं. निघायचं धाडस त्यांना होतं, कारण परत यायला जागा आहे.

ज्यांच्याकडे ती जागा नसते त्यांचं काय होतं, तेही अमेरिकेतच बघायला मिळतं. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात साठी-सत्तरीची माणसं आहेत. २००८च्या मंदीनंतर कुणाची नोकरी गेली, कुणाचं घर गेलं, कुणाची पेन्शन भाड्यालाही पुरेना. ती जुन्या व्हॅनमध्ये, ट्रेलरमध्ये राहायला लागली. सीझन असेल तसं मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामात सामान उचलायचं, बीटाच्या हंगामात राबायचं, कॅम्पिंगच्या मैदानावर संडास साफ करायचे. रात्री गाडी कुठे लावायची, पोलीस येऊन काच वाजवतील का, ही धास्ती कायमची. गाडी तीच, आतली गादीही तीच. फरक एवढाच की एकाला परत जायला घर आहे आणि दुसऱ्याला नाही.

‘ते अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय?’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. भाड्याने कॅराव्हॅन मिळतात, चार दिवस मित्रमैत्रिणी मिळून फिरून येता येतं. करा की मजा. पण ज्यांना कायमचं गावाकडे जायचंय, अंगणात स्वतःची गाडी लावायचीय, त्यांनी आधी जमिनीचा कायदा वाचावा. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन अशी सहज विकत घेता येत नाही. १९४८च्या कूळकायद्यातच ती अट आहे. मग एनए प्लॉट बघायचा, आणि त्याचे भाव ऐकून पुन्हा रील्सकडे वळायचं.

ज्यांचं गावी वाडवडिलांचं घर आहे, त्यांना वाटेल आपलं काम सोपं. हो, जागा असते. पूर्वी बैलगाडी सोडायला, कडबा रचायला, मळणीला खळं करायला घरापुढे जागा ठेवायचेच. चाकं असलेली वस्तू दारात लावणं गावाला नवीन नाही. पण ती जागा एकट्याची क्वचितच असते. सातबाऱ्यावर आजोबांपासून पंधरा-वीस नावं असतात. चुलत्यांना विचारल्याशिवाय तिथे खडीची एक पाटीसुद्धा टाकता येत नाही. बांधावरून वाट आहे का, ती कुणाच्या शेतातून जाते, हे तर आणखी वेगळं पुराण.

आणि ट्रेलर चालवायला शिकवणार कोण? त्यासाठी यूट्यूब नको, गावातला ट्रॅक्टरवाला गाठा. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. भलेभले शहरी ड्रायव्हर तिथे गार होतात. उसाच्या सीझनला दोन-दोन ट्रॉल्या ओढत बोळातून वाट काढणारा गावातला पोरगा ते रोज करतो. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर यावा लागतो, नाहीतर वेगात तो शेपटीसारखा हलायला लागतो, असं माहितीपुस्तिका सांगतात. भरताना माल पुढे किती, मागे किती ठेवायचा, याचा अंदाज या पोराच्या हाताला असतो. गावी राहायला जायचं तर अशा माणसांकडून शिकायची तयारी ठेवूनच जावं. गाव म्हणजे फोटोच्या मागचा पडदा नाही.

आता मला जे खरं म्हणायचंय ते.

आपल्या गावाच्या कडेला चाकांवरची घरं पिढ्यान्‌पिढ्या येऊन उभी राहताहेत. दिवाळीनंतर बीडकडून निघणाऱ्या ट्रक आणि ट्रॉल्या आठवा. पत्रे, पाण्याची टाकी, शेळी, कोंबड्या, पोरं, म्हातारी, सगळा संसार त्यात. ऊसतोडीच्या फडाजवळ कोपी घालायची आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथे राहायचं. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, अशी त्यांची मोजदाद. गाडीलोहारांचं तर नावच गाडीवरून पडलंय. चित्तोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी पक्क्या घरात न राहण्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. १९५५ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्यांचा चित्तोडगडावर प्रवेश झाला. तरी आजही रस्त्याच्या कडेला गाडी आणि तिच्याशेजारी ऐरण दिसते. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८०चं. त्यातल्या कैकाडी कुटुंबाचं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर. तुमच्यापैकी काहींनी ते अभ्यासाला म्हणून वाचलंही असेल.

यांना कुणी ‘व्हॅनलाइफ’ म्हणत नाही. यांची पालं पडली की गावात कुजबुज सुरू होते. कुठले आलेत? किती दिवस राहणार? सरपंचांना विचारलंय का? कोंबड्या सांभाळा रे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला. डोक्यातला शिक्का गेला का?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारलं. ती माणसं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणं ही त्यांची जुनी रीत.

आता कल्पना करा, त्याच रस्त्यावर एखादी रंगवलेली कॅराव्हॅन आली असती. गळ्यात कॅमेरा अडकवलेला मुलगा, टोपी घातलेली मुलगी. गावातली पोरं सेल्फी काढायला धावली असती. कुणीतरी चहा पाजला असता. शाळेच्या मैदानात गाडी लावा म्हणून सांगितलं असतं. अनोळखी दोघंही, मुक्कामही दोघांनाच हवा. मग कुणाला चहा आणि कुणाला दगड, हे कशावरून ठरतं? कपड्यांवरून, भाषेवरून, गाडीच्या किमतीवरून आणि जातीवरून. हे कडू वाटेल, पण ‘मला रस्त्यावर जगायचंय’ असं स्टेटस टाकणाऱ्या आपल्या पिढीने ते गिळलं पाहिजे.

तुमचं स्वप्न मोडायचं म्हणून हे लिहीत नाहीये. गावी जरूर जा. घर बांधा, डागडुजी करा, दारात ट्रेलर लावा, तुळशीवृंदावन ठेवा, काय वाटेल ते करा. गावातून तरणी माणसं शहराकडे निघालेली असताना कुणी परत येत असेल तर गावाला ते हवंच आहे. माझं म्हणणं इतकंच, की स्वतःसाठी जी जागा मागताय ती दुसऱ्यालाही मिळेल असं बघा.

त्याला आंदोलन वगैरे लागत नाही. तुमचं वय अठराच्या वर असेल आणि गावच्या मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. आपल्यातले किती जण तिथे जाऊन बसतात? एकदा बसा आणि एकच विषय मांडा : बाहेरून येणाऱ्या कुटुंबांना उतरायला गावात एक ठरलेली जागा हवी. त्यात काय काय हवं, तर पाण्याचा नळ, एक दिवा, दोन संडास. ट्रॅव्हल ट्रेलरच्या जागेसाठी लागणारी यादी आठवतेय ना? वीज, पाणी, सांडपाणी. यादी तीच आहे.

दुसरं काम शाळेचं. फडावर आलेलं एखादं मूल दिवसभर कोपीशी बसलेलं दिसलं, तर गावातल्या शाळेत चौकशी करा. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्ये आलं म्हणून किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा त्याला प्रवेश नाकारू शकत नाही. हे त्याच्या आईबापाला माहीत नसेल. तुम्हाला आता माहीत झालंय.

आणि तिसरं, सगळ्यात सोपं. ‘आपल्या भागात टोळी फिरतेय, सावध राहा’ असा मेसेज गावच्या ग्रुपवर आला की तो पुढे ढकलू नका. उलट तिथेच विचारा, कुणी पाहिलं? कुठे पाहिलं? पोलिसांना फोन केला का? चार काका चिडतील. चिडू देत.

हे सगळं करून झालं की मग खुशाल टेप घेऊन अंगण मोजायला लागा. ४४ फूट भरतंय का बघा. नाही भरलं तर चुलत्यांशी बोलावं लागेल, आणि त्याला मात्र माझ्याकडे उपाय नाही.