अरल समुद्रातले जंतू आणि ठेकेदाराचा हिशेब



अरल समुद्र आपल्यापासून फार लांब, उझबेकिस्तान आणि कझाकस्तानच्या सीमेवर. पण तो आटला कापसापायी. मॉस्कोतल्या नियोजनकारांनी ठरवले की मध्य आशियात पांढरे सोने पिकवायचे. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचे पाणी त्यांनी कालव्यांनी पळवले. कापूस घालायचा तो सरकारलाच, सरकार ठरवेल त्या भावाने. १९७२ पासून एकाधिकार खरेदी सोसलेल्या आपल्याला हे वेगळे समजवायला नको.

त्याच सरकारचा दुसरा उद्योग या समुद्रातल्या व्होझरोझ्देनिया बेटावर चालू होता. जैविक शस्त्रे बनवणार नाही, अशी सही १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारावर केली आणि चोरून बनवली. बेट ही त्यांच्या चाचण्यांची जागा. काळपुळी, म्हणजे फाशीच्या रोगाने जनावर दगावले तर ते चिरू नये, चुना टाकून खोल पुरावे, हे आपल्याला ठाऊक आहे. तो जंतू मातीत वर्षानुवर्षे दम धरून राहतो. त्याच रोगाचे टनावारी जंतू १९८८ साली या बेटावर खड्ड्यांत पुरले. चारी बाजूंनी पाणी म्हणून बेट सुरक्षित. पण पाणीच आटले आणि २००१ च्या सुमारास बेट जमिनीला जोडले गेले. एका खात्याचा फतवा दुसऱ्या खात्याचे पाप उघड्यावर घेऊन आला.

हे निस्तरले कोणी? सोव्हिएत युनियन १९९१ साली मोडले. त्याच वर्षी नन आणि लुगार या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने अमेरिकेत कायदा झाला आणि जुन्या सोव्हिएत शस्त्रांची विल्हेवाट लावण्यासाठी पैसा मिळू लागला. २००२ साली ११३ जणांचे पथक बेटावर गेले. तीन महिन्यांत त्यांनी १०० ते २०० टन जंतू निकामी केले. खर्च सुमारे ५० लाख डॉलर. हा पैसा सत्कारणी लागला असेच आम्ही म्हणू. काम नेमके होते, जागा नेमकी होती, आणि संपले की नाही हे माती तपासून कळत होते.

आता त्याच कायद्याच्या थैलीतून झालेला दुसरा खर्च पाहा. रशियात क्रास्नोयार्स्क येथे क्षेपणास्त्रांचे इंधन नष्ट करण्यासाठी कारखाना उभारला. २००२ साली उघड झाले की रशियाने ते इंधन आपल्या अंतराळ मोहिमांत कधीच वापरून टाकले होते. कारखाना तयार, इंधनाचा पत्ता नाही. सुमारे साडेनऊ कोटी डॉलर पाण्यात. बेटाच्या सफाईच्या जवळजवळ वीसपट!

पुढे रोगनिदानाच्या प्रयोगशाळांची कामे निघाली. जॉर्जियात बेक्टेल, युक्रेनमध्ये ब्लॅक अँड व्हीच अशा बड्या कंपन्यांना ठेके मिळाले. प्रयोगशाळा वाईट नव्हेत. जनावरांचा रोग लवकर ओळखला तर पशुपालक वाचतो. पण ठेकेदार निघून गेल्यावर वीज, रसायने आणि माणसांचे पगार कोण भरणार, हे आधी ठरले पाहिजे. आणि सुरक्षेच्या नावाखाली हिशेब झाकला की अफवांना रान मोकळे. २०२२ साली युक्रेनच्या प्रयोगशाळांत जैविक शस्त्रे बनतात असा आरोप रशियाने केला. संयुक्त राष्ट्रांनी अशा कोणत्याही कार्यक्रमाची आपल्याला माहिती नसल्याचे सांगितले, तरी संशय फिरतच राहिला.

अशी कंत्राटे अमेरिकेत बऱ्याचदा ‘खर्च अधिक मोबदला’ या पद्धतीने दिली जातात. कारण काय सांगतात? खड्ड्यात काय निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ठरीव रकमेत कोणी काम घेणार नाही. कारण खोटे नाही. पण मग कोरडवाहू रानात पेरलेल्या कपाशीत आणि ज्वारीत काय निघेल, हे कोणाला सांगता येते?

आपल्याकडे २००६ साली स्वामीनाथन आयोगाने खर्चावर ५० टक्के अधिक, इतका हमीभाव सुचवला. २०१५ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की तसे केल्यास बाजार बिघडेल. कंपनीचा खर्च भरून दिला तर ते शहाणपण आणि शेतकऱ्याने खर्च मागितला तर बाजार बिघडतो! हा कुठला न्याय?

आम्हाला ठेकेदाराची सवलत नको. सरकार खर्च भरतेच म्हटले की खर्च फुगवायची सवय लागते. आम्हाला एकच माप हवे. जिल्हा बैठकीत चर्चेला तीन मुद्दे ठेवतो:

१. ठेका जंतूंचा असो की जलसंधारणाचा, काम मोजता येईल असेच लिहावे आणि मोजल्याशिवाय बिल देऊ नये.

२. गुपित ठेवायचे तर जंतूंचे ठेवा, पैशाचे नको.

३. ठेकेदाराचा खर्च मान्य करणाऱ्या सरकारला शेतकऱ्याचा खर्च नाकारता येणार नाही. आणि भाव द्यायचा नसेल तर निर्यातबंदी लादून बाजारही अडवू नये.