ल्युसिल क्लिफ्टन यांची कविता आणि ऊसतोड स्त्रीचे शरीर

कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य आणि दलित साहित्य यांची तुलना मराठी समीक्षेत रूढ झाली आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याचा मराठी वाचकांना साक्षेपी परिचय करून दिला. मात्र ही तुलना प्रामुख्याने विद्रोह आणि नकार या संकल्पनांभोवती फिरत राहिली. स्त्रीचा शरीरानुभव तिच्या परिघावरच राहिला. ल्युसिल क्लिफ्टन (१९३६–२०१०) यांची कविता ही उणीव लक्षात आणून देते.

वंशस्मृती, आई, घर आणि शरीर ही क्लिफ्टन यांची प्रमुख आशयसूत्रे होत. त्यांची आई कविता लिहीत असे. पतीने प्रकाशनास विरोध केल्यावर तिने त्या जाळून टाकल्या. स्त्रीचा शब्द कसा नाहीसा होतो याची जाणीव मुलीच्या कवितेमागे सतत उभी आहे. ‘क्विल्टिंग’ (१९९१) या संग्रहातील एका कवितेत त्या शस्त्रक्रियेने दुरावणाऱ्या गर्भाशयाशी जुन्या सोबत्याशी बोलावे तशा बोलतात. हे शरीर त्यांचे आहे, म्हणूनच त्याचा निरोपही त्यांचा आहे.

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावी ही कविता शिकविताना वेगळा प्रश्न उभा राहतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. ऊसतोडीत पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. मुकादमाची उचल फेडायची असते आणि खाडा झाला की दंड बसतो. पाळी आणि दुखणेही अखेर खाड्याच्याच हिशेबात जमा होते. उचलीत अडकलेल्या या शरीराचा निरोप कोणी घ्यायचा? या सर्व स्त्रिया दलित नाहीत; त्यामुळे केवळ जातीच्या समांतरतेवर उभी असलेली तुलना येथे अपुरी पडते. श्रम, कर्ज आणि लिंगभाव यांचा एकत्रित विचार अपरिहार्य ठरतो.

अशा अनुभवाची छापील कविता हाती येईपर्यंत अभ्यासकांनी थांबण्याचे कारण नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. याच तालुक्यातील स्त्रियांनी आपला इतिहास काव्यातून सांगितल्याचा हा पुरावा आहे. तरीही अभ्यासक्रमात ओवी लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत आणि दलित कविता आधुनिक साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत राहते. ही विभागणी मोडून ओवी, दलित स्त्रीकविता आणि क्लिफ्टन यांचे एकत्र वाचन झाले पाहिजे. संशोधक विद्यार्थ्यांनी टोळीवर जाणाऱ्या स्त्रियांचे बोलणेही त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवावे. क्लिफ्टन यांच्या आईच्या कविता जळाल्या. येथील स्त्रियांचे शब्द तर कागदावर येण्यापूर्वीच विरून जातात. पाहणीतील आकड्यापलीकडे त्यांचे काही उरावे, ही जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांचीही आहे.