स्टॅटिन आणि स्मृती: घाईचा होकार, घाईचा नकार

कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी अल्झायमरही टाळते, असे म्हणणारे २००० सालच्या एका निरीक्षणाचा दाखला देतात. त्या वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील ब्रिटिश रुग्णनोंदींच्या अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी दिसला. आकडा खरा, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र कच्चा. वर्षानुवर्षे गोळी नेमाने घेणारा माणूस मुळातच तब्येतीला जपणारा असतो. उलट ज्याचे विसरणे वाढले आहे, त्याला डॉक्टर असे नवे औषध सहसा सुरू करत नाहीत. गोळीने मेंदू सांभाळला, की शाबूत मेंदूने गोळी सांभाळली, हे नुसत्या नोंदींवरून कसे ठरणार?

त्यासाठी चाचणीच हवी: औषध कोणाला आणि बिनऔषधी गोळी कोणाला, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणारी. २००२ मध्ये अशा दोन चाचण्यांचे निकाल आले. ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त २०,५३६ जण होते, ‘प्रॉस्पर’मध्ये ७० ते ८२ वयाचे ५,८०४. दोन्हींत हृदयाला लाभ झाला, बुद्धीच्या ऱ्हासात फरक पडला नाही.

‘मग विषय संपला’ म्हणणारेही तितकेच घाईचे. या चाचण्या हृदयासाठी आखलेल्या होत्या. ‘प्रॉस्पर’ तर जेमतेम सव्वातीन वर्षे चालली. अल्झायमरमधले अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साठू लागते. सत्तरीत गोळी देऊन पन्नाशीतल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. शिवाय कोलेस्टेरॉल आणि अल्झायमर यांचा संबंध काल्पनिकही नाही. या आजाराचा धोका वाढवणारा एपीओई-४ हा कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्याच जनुकाचा एक प्रकार आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने मध्यमवयातील वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल स्मृतिभ्रंशाच्या १४ टाळण्याजोग्या धोक्यांत धरले.

अमेरिकेतील ‘प्रिव्हेंटेबल’ आणि ऑस्ट्रेलियातील ‘स्टारी’ या चाचण्यांनी स्मृतिभ्रंशाला मुख्य मोजमापात जागा दिली, हे योग्यच. पण त्यांतले लोकही अनुक्रमे ७५ आणि ७० वर्षांपुढचे. खरी कसोटी पंचेचाळीस-पन्नाशीत सुरू होऊन पंधरा-वीस वर्षे चालली पाहिजे. जुन्या स्टॅटिनचे पेटंट संपले आहे. एवढ्या लांबच्या चाचणीत कंपनीला नफा नाही. म्हणून तिचा खर्च सरकारी निधीतूनच व्हायला हवा.

तोवर वाचकाने एवढेच करावे: हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने सोडू नये, आणि केवळ स्मृतीसाठी ती मागूही नये.