जपानला जायचं, तर जपानीतूनच शिका

बारावीचा निकाल जवळ आला की जपानी शिकणाऱ्या मुलांच्या घरी एक सल्ला हमखास ऐकू येतो: "जपानला पाठवा, पण इंग्रजी माध्यमाच्या कोर्सला. जपानीतून डिग्री म्हणजे चार वर्षं भाषेशीच झटापट, आणि वर ती डिग्री जपानबाहेर कोण विचारणार?" सल्ला देणारे मामा चार देश पाहून आलेले असतात, त्यामुळे घरातलं कोणी उलटून बोलत नाही. मी पुण्यात ही भाषा शिकवते. आईवडील मला विचारतात, "सेन्सेई, तुमचं काय मत?" माझं मत याच्या बरोबर उलट आहे. पदवीसाठी जपान निवडायचा तर जपानी माध्यमच घ्यावं. ते नको असेल तर जपानचाच हट्ट सोडावा. इंग्रजीतून शिकायला जगात दुसरे पुष्कळ देश आहेत.

विरोधकांच्या म्हणण्यात जे खरं आहे ते आधी मान्य करते. जपानी वाचायला कष्ट पडतात. नित्य वापरातल्या म्हणून सरकारनं ठरवलेल्या कांजीच (म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरचिन्हं) २,१३६ आहेत, आणि विद्यापीठाच्या पुस्तकात त्यांच्यापासून सुटका नसते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी २००२ पासून घेतल्या जाणाऱ्या ईजेयू परीक्षेत जपानीला ४५० गुण असतात. त्यातल्या ५० गुणांसाठी निबंध लिहावा लागतो, तोही अर्ध्या तासात. जपानी प्रावीण्य परीक्षेच्या एन-फाइव्ह, एन-फोर या खालच्या पातळ्यांच्या प्रमाणपत्रावर तिथे निभाव लागत नाही.

पण अवघड आहे म्हणजे आपल्या मुलांना झेपणार नाही, हे कोणी ठरवलं? मराठी मुलाला या भाषेत जी सोय आहे ती इंग्रज मुलाला नाही. "मी उद्या पुण्याला जाते" हे वाक्य जपानीत "वाताशी वा आशिता पुने नि इकिमासु" असं होतं. क्रियापद शेवटी, प्रत्ययासारखा शब्द नामाच्या मागे, सगळं त्याच क्रमानं. समोरचा कोण आहे ते पाहून क्रियापद बदलायचं, हेही आपल्याला नवं नाही. उरतात त्या कांजी, आणि त्यांना रोजची बैठक लागते. जेईईसाठी दोन वर्षं पहाटे उठणाऱ्या मुलांच्या घरात बैठकीची कमतरता आहे असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त लागतो. खरं विज्ञान इंग्रजीतच होतं, जपानीत फक्त भाषांतर होतं, असा तो आक्षेप. तोशिहिदे मासुकावा यांनी नागोया विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून तिथेच डॉक्टरेट केली. २००८ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा स्टॉकहोममधलं व्याख्यान त्यांनी जपानीत दिलं. जपानमध्ये मूलद्रव्यं, यंत्रं, कायदा, शस्त्रक्रिया सगळं त्याच भाषेत शिकवलं जातं, आणि ते आपोआप झालेलं नाही. मेइजी काळात तोक्योच्या विद्यापीठात परदेशी प्राध्यापक परदेशी भाषांतून शिकवत. त्यांच्या जागी हळूहळू आपली माणसं आणि आपली परिभाषा उभी करायला जपान्यांना काही दशकं लागली. महाराष्ट्रानं तरी हे विसरू नये. महर्षी कर्व्यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी आपलं महिला विद्यापीठ काढलं, तेही मातृभाषेतून शिकवणारं. ज्या देशाकडे पाहून कर्व्यांना हे धाडस सुचलं, त्याच देशात जाऊन आपण इंग्रजीची वेगळी खोली मागतो, याचं मला वाईट वाटतं.

ती खोली आता मिळतेही. २००९ मध्ये तेरा विद्यापीठांना निवडून जपान सरकारनं इंग्रजी अभ्यासक्रम वाढवायला सुरुवात केली. एमएस किंवा पीएचडीसाठी त्यातले काही उत्तम आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पदवीची गोष्ट निराळी. विज्ञान-अभियांत्रिकीचा विद्यार्थी साधारण चौथ्या वर्षी एखाद्या प्राध्यापकांच्या 'केन्क्यूशित्सु'त, म्हणजे संशोधनगटात, दाखल होतो आणि खरं शिक्षण तिथे होतं. आठवड्याला 'झेमि', म्हणजे गटाची बैठक, भरते. ज्याची पाळी असेल तो आपल्या कामाचे दोन-चार कागद छापून सगळ्यांपुढे ठेवतो, आणि सेन्पाई, म्हणजे वरच्या वर्षांचे विद्यार्थी, ते ओळीओळीनं तपासतात. हा एक बिंदू रेषेबाहेर का पडला? त्या दिवशी नमुना किती वेळ वाळवला होता? मागच्या वर्षी अमक्यानं हेच केलं होतं, त्याची वही पाहिलीस का? सेन्सेई बराच वेळ गप्प असतात. मग एकच प्रश्न विचारतात आणि पोराला आठवडाभराचं काम लागतं. इंग्रजी कोर्सचा विद्यार्थी याच टेबलाशी बसलेला असतो. त्याची पाळी आली की सगळे त्याच्यासाठी इंग्रजीत बोलतात, जपून आणि थोडक्यात. अवघड प्रश्न परक्या भाषेत विचारणं त्यांनाही जड जातं, म्हणून ते विचारलेच जात नाहीत. सगळे त्याच्याशी सौजन्यानं वागतात, पण ज्यासाठी इतक्या लांब आलो ती रगड त्याच्या वाट्याला येत नाही.

नोकरीच्या वेळी तर ही वाचवलेली मेहनत व्याजासकट वसूल होते. जपानी कंपन्यांची भरती पदवी हाती पडण्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या वर्षापासूनच सुरू होते. अर्जातले लांबलचक प्रश्न, एसपीआय ही अभियोग्यता चाचणी, गटचर्चा, एकामागून एक मुलाखती, हे सगळं बहुतेक ठिकाणी जपानीतच. तेव्हा इंग्रजी कोर्सची मुलं रात्री जागून तीच भाषा शिकायला बसतात, जी त्यांनी आधी टाळली होती.

आता आमच्या बाजूनं बोलणाऱ्या काही मंडळींचंही खंडन केलं पाहिजे, कारण ती विरोधकांपेक्षा जास्त नुकसान करतात. "सहा महिन्यांत भाषा येते, तिथल्या लँग्वेज स्कूलला नाव घाला, पार्ट टाइम कामातून सगळं निघतं" असं सांगणारे एजंट. विद्यार्थी व्हिसावर, परवानगी काढून, आठवड्याला २८ तास काम करता येतं, त्याहून जास्त तास फक्त मोठ्या सुट्टीत. तेवढ्यात जेवणखाण आणि भाड्याला हातभार लागेल, फी निघणार नाही. रात्री दुकानात शेल्फ भरून सकाळी कांजी पाठ करणारा मुलगा वर्गात झोपतो आणि ईजेयूला कमी पडतो. खरा हिशोब असा मांडावा: बहुतेक राष्ट्रीय विद्यापीठांची वर्षाची फी ५,३५,८०० येन, म्हणजे साधारण तीन लाख रुपये, आणि एकदाच भरायचं प्रवेशशुल्क २,८२,००० येन. राहण्याचा खर्च वेगळा, आणि किमान पहिल्या दोन वर्षांचा तरी घरातून तयार हवा.

आणि काहींनी या वाटेला जाऊच नये. भारतात डॉक्टरी करायची असेल तर जपानी माध्यमाची वैद्यकीय पदवी चालत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशातलं हे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं लागतं. पदवीनंतर लगेच अमेरिकेलाच जायचं असा निश्चय असेल, तरी हा लांबचा वळसा कशाला? अनिमेच्या प्रेमापोटी जाणाऱ्यालाही मी थांबवते. त्याला म्हणते, आधी अकरावीच्या भौतिकशास्त्राचा एक धडा जपानीत वाचून दाखव.

जो वाचून दाखवतो, किंवा वाचता येईपर्यंत हटत नाही, त्याच्या आईवडिलांना मी सांगते की आठवी-नववीपासून भाषा झाली नसेल तर बारावीनंतर एक वर्ष इथेच थांबवा. तिथलं वर्ष एप्रिलला सुरू होतं, ईजेयू जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये असते, त्यामुळे थोडा काळ मोकळा राहणारच. घरचं जेवण, डोक्यावर भाड्याची चिंता नाही, अशा अवस्थेत एन-टू गाठा, मग अर्ज करा. हे वर्ष फुकट गेलं असं कोणी म्हटलं, तर त्यांना जपान सरकारची पदवीची शिष्यवृत्ती दाखवा. फी माफ, दरमहा १,१७,००० येन, आणि इतके पैसे खर्चून निवडलेल्या मुलांनाही सरकार सहसा थेट विद्यापीठात बसवत नाही. पहिलं पूर्ण वर्ष त्यांच्याकडून मुख्यतः जपानीच करून घेतं.