आपल्या मुलखाचा उमेदवार

“हा आपल्या मुलखाचा” असें कोणी म्हटलें कीं अनोळखी मनुष्याविषयींही मनांत आपुलकी उपजते. ही आपुलकी स्वाभाविक आहे. तिच्यांत दोष नाहीं. परंतु राष्ट्राचा अध्यक्ष निवडावयाचा असतां तिला कितपत मान द्यावा, याचा विचार प्रत्येक सुज्ञ मनुष्यानें केला पाहिजे.

या बाबतींत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास बोधप्रद आहे. तेथें अध्यक्षाची निवड संस्थानवार होते. बहुतेक संस्थानांत ज्यास सर्वांत अधिक मतें पडतात, त्यासच त्या संस्थानाचीं सर्व निर्वाचक-मतें मिळतात. म्हणून उमेदवार कोठला, या गोष्टीस तेथें महत्त्व येतें.

सन १९७६ मध्यें जॉर्जिया संस्थानाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर उभे राहिले. ते भुईमुगाची शेती करणारे, बोलण्यांत दक्षिणेकडील हेल असलेले गृहस्थ होते. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत हरलेल्या दक्षिणेस, इतर लोक आपणांस मागासलेले समजतात, हें शल्य फार दिवस बोंचत होतें. आपल्यांतलाच एक मनुष्य सर्वोच्च पदीं बसणार, या विचारानें तें कांहींसें शमलें. १९६५ च्या कायद्यानें ज्यांच्या मताधिकारास खरें संरक्षण मिळालें, त्या कृष्णवर्णीय मतदारांनींही कार्टर यांस भरघोस मतें दिलीं. युद्धाच्या वेळीं फुटून निघालेल्या अकरा संस्थानांपैकीं व्हर्जिनियाखेरीज बाकीचीं दहा त्यांच्या पदरांत पडलीं.

पुढें चारच वर्षांनीं काय झालें? उमेदवार तोच, त्याचें गांव तेंच, बोलीही तीच. परंतु महागाई भडकली होती आणि तेहरान येथें बावन्न अमेरिकन ओलीस अडकून पडले होते. १९८० च्या निवडणुकींत त्या अकरांपैकीं एकटें जॉर्जिया त्यांच्या बाजूस राहिलें. इतर दहा कॅलिफोर्नियाच्या रेगन यांनीं जिंकलीं. सन २००० मध्यें तर, ज्या टेनेसीनें अल गोर यांस सिनेटवर धाडलें होतें, त्याच टेनेसीनें त्यांस नाकारलें. तेथील ११ निर्वाचक-मतें मिळालीं असतीं तर ते अध्यक्ष झाले असते!

मुलखाची ही ओढ दूरदेशींच दिसते असें नाहीं. आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सभासद करितात. २००७ मध्यें शिवसेनेनें, आपल्या आघाडीचें पाठबळ असलेले राजस्थानचे भैरोंसिंह शेखावत यांस सोडून, जळगांवकडील प्रतिभाताई पाटील यांस त्या मराठी म्हणून पाठिंबा दिला.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, प्रांताभिमान उमेदवारास उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. त्यास घरांत ठेवून घ्यावयाचें कीं नाहीं, हें त्याच्या कामावरून ठरतें. कोणी म्हणेल, आपल्या भागांतील मनुष्यास आपलीं दुःखें अधिक कळतात. हें खरें, पण दुःख कळणें निराळें आणि तें निवारणें निराळें. शिवाय, निवडून आलेला अध्यक्ष एका प्रांताचा राहत नाहीं. ज्यांनीं त्यास मत दिलें नाहीं, त्यांचाही तो असतो.

विद्यार्थिमित्रहो, आज तुम्हांस मताधिकार नाहीं. परंतु वर्गाचा प्रतिनिधि आणि खेळाच्या संघाचा नायक तुम्हीच निवडतां. तो आपल्या आळींतला आहे, एवढ्यावरूनच हात वर करूं नका. आणि पालकांस विनंती कीं, घरीं निवडणुकीचें बोलणें निघाल्यास “तो कोठला?” या प्रश्नापाठोपाठ “त्यानें केलें काय?” हाही प्रश्न मुलांच्या कानीं पडूं द्यावा.