दम पायात नाही, दात्यांत शोधा

मागच्या महिन्यात परतवाड्याला घरी गेलो होतो. ताईची मुलगी आठवीत आहे, गाव घाटाच्या पायथ्याशी. तिला नवीन सायकल घेतली होती. जाड टायर, जाड नळ्या, पुढे खोटं वाटावं असं सस्पेन्शन, नळीवर इंग्रजीत लिहिलेलं 'माउंटन'. गिअर एकच. शाळेतून येताना ही पोरगी शेवटचा दीड किलोमीटर सायकल हातात धरून येते.

"चढावर उतराच लागते मामा," ती म्हणाली, जणू हा सृष्टीचा नियमच.

दुकानदाराला विचारलं तर तो हसला. "भाऊ, सायकल बराबर आहे. पायात दम लागते."

इथेच माझं डोकं सटकलं. दमाचं नंतर बघू, आधी दाते मोजू ना! मी मोजले. पुढे ४४, मागे १८. म्हणजे पायडलची एक फेरी मारली की २६ इंची चाक २.४४ वेळा फिरतं आणि सायकल ५ मीटरच्या वर पुढे जाते. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता धरा. मुलगी, सायकल, दप्तर मिळून ७० किलो. म्हणजे दर फेरीला तिने ७० किलो वजन पाव मीटर वर उचलायचं. सेकंदाला एक फेरी, आणि असं दीड किलोमीटर. हा हिशोब दुकानदाराने स्वतःच्या गुडघ्यांवर करून बघावा.

आता गंमत बघा. परदेशात हौसेने एका गिअरची माउंटन बाइक चालवणारे लोक आहेत. धडधाकट माणसं, हलक्या सायकली. २६ इंची चाकाला त्यांचा नेहमीचा सल्ला असतो, २:१ पासून सुरुवात करा, पुढे ३२ मागे १६. म्हणजे डोंगरात हुंदडणारा तगडा गडी जो गिअर घेतो, त्यापेक्षा जड गिअर आपण आठवीतल्या पोरीला देतो आणि वर तिचा दम काढतो.

टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलर चालत नसे. तरी ते दादा लोक घाट आला की खाली उतरून मागचं चाक उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला मोठं, जास्त दात्यांचं चक्र असायचं. त्यांना कोणी पायात दम नाही म्हणालं नाही.

तुम्ही म्हणाल, मग गिअरवालीच घ्यायची. घ्या ना, पैसे असतील तर. पण ती बिघडली की गावात दुरुस्त कोण करणार? एकच गिअर हा गरिबाचा शहाणपणा आहे, माझी काही तक्रार नाही. तक्रार ही की अकोल्याच्या सपाटीला आणि चिखलदऱ्याच्या पायथ्याला एकच आकडा. परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. मधली जमीन काय हवेत आहे?

शेवटी अमरावतीची चार दुकानं पालथी घातली तेव्हा २२ दात्यांचं फ्रीव्हील मिळालं. चार दाते वाढले की मागचा आस साधारण अर्धा इंच पुढे घ्यावा लागतो, तेवढी खाच होती, चेनला हात लावावा लागला नाही. आता बरोबर २:१. फेरीला ४.१५ मीटर, पंचवीसच्या जागी एकवीस सेंटीमीटर उचल.

फुकट काहीच मिळत नाही. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर आधी ताशी २४ किलोमीटर जायची, आता २०. सपाटीवर मैत्रिणी पुढे निघून जातात म्हणून बाईसाहेब दोन दिवस फुगून होत्या. "काढून टाकू का?" विचारलं तर म्हणाली, "राहू द्या."

शेवटच्या वळणावर अजून उतरतेच. पुढचं ३८ दात्यांचं चाक शोधतोय. मिळालं तर दिवाळीत बसवतो.